१७०९१९४८ : एक मोठी संख्या कागद-पेन्सिलीने कशी उलगडावी

दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांत मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे झेंडावंदन होते. देश १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र झाला, तरी निजामाच्या हैदराबाद संस्थानात असलेल्या या प्रदेशाला आणखी तेरा महिने वाट पाहावी लागली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सुरू झालेली पोलीस कारवाई १७ सप्टेंबरला निजामाच्या शरणागतीने संपली. हा दिनांक आधी दिवस, मग महिना, मग वर्ष अशा क्रमाने, मध्ये कोणतेही चिन्ह न ठेवता लिहिला, तर १७०९१९४८ ही आठ अंकी संख्या तयार होते. शाळेत गणित शिकवताना मी अनेक वर्षे झेंडावंदनाच्या दुसऱ्या दिवशी हीच संख्या फळ्यावर लिहीत आलो, कारण ती प्रत्येक विद्यार्थ्याला न सांगता पाठ असते आणि तरीही तिच्या पोटात काय दडले आहे हे वर्गात कोणालाच ठाऊक नसते.

संख्या उलगडायची म्हणजे तिचे मूळ अवयव शोधायचे, तिला किती विभाजक आहेत ते मोजायचे, त्यांची बेरीज करायची, तिच्याशी सहमूळ, म्हणजे १ खेरीज सामाईक विभाजक नसलेल्या, संख्या मोजायच्या, आणि ती वर्गांच्या बेरजेत किंवा वजाबाकीत मांडता येते का हे तपासायचे. यांपैकी खरे कष्टाचे काम एकच आहे, ते म्हणजे मूळ अवयव पाडणे. ते एकदा हाती आले की बाकीचे गुणधर्म दहा-पंधरा मिनिटांत निघतात. म्हणून पुढील मांडणीत अवयवांना सर्वाधिक जागा दिली आहे. साहित्य म्हणून एक वही, पेन्सिल आणि १२०० पर्यंतच्या मूळ संख्यांची यादी पुरते. यादी नसेल तर इरॅटोस्थेनिसच्या चाळणीने, म्हणजे प्रत्येक मूळ संख्येच्या पुढच्या पटी खोडत जाऊन, ती तासाभरात तयार करता येते. गणकयंत्र वापरायला हरकत नाही, पण ते शेवटी, हाताने काढलेले उत्तर पडताळण्यासाठी वापरावे.

संख्या आधी नीट वाचावी

प्रथम स्वल्पविराम देऊन संख्या लिहावी: १,७०,९१,९४८, म्हणजेच एक कोटी सत्तर लाख एक्क्याण्णव हजार नऊशे अठ्ठेचाळीस. दिनांकातील ०९ हा महिना आता लाखाच्या स्थानावरचे शून्य आणि दहा हजारांच्या स्थानावरचा नऊ बनला आहे, हे विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यावे. कोणी आपला जन्मदिनांक घेऊन हाच प्रयोग करणार असेल आणि दिवस १ ते ९ मधला असेल, तर सुरुवातीचे शून्य गळून संख्या सात अंकी होते. त्यात काही चूक नाही.

एककाचा अंक ८ आहे. पूर्ण वर्ग संख्येचा शेवट २, ३, ७ किंवा ८ ने कधीच होत नाही, म्हणून ही संख्या पूर्ण वर्ग नाही हे एका नजरेत कळते. भागाकार पद्धतीने वर्गमूळ काढले, तर ४१३४ चा वर्ग १,७०,८९,९५६ आणि ४१३५ चा वर्ग १,७०,९८,२२५ येतो, म्हणजे आपली संख्या या दोहोंच्या मध्ये आहे. ती पूर्ण घनही नाही, कारण २५७ चा घन १,६९,७४,५९३ आणि २५८ चा घन १,७१,७३,५१२ आहे.

अंक गटांत मिळवून कसोट्या लावाव्या

विभाज्यतेच्या कसोट्या पाठ्यपुस्तकात एकेक करून येतात. पण त्यांच्यामागे एकच कल्पना आहे आणि ती समजली तर पाठांतराची गरज उरत नाही. १० ला ९ ने भागले की बाकी १ उरते, म्हणून अंकांची बेरीज ही दिलेल्या संख्येइतकीच बाकी देते. तसेच १०० ला ९९ ने भागले की बाकी १ उरते, म्हणून दोन-दोन अंकांचे गट मिळवले तरी तेच घडते. १००० ला १००१ ने भागताना १००० ही १००१ पेक्षा एकाने कमी असल्यामुळे, तीन-तीन अंकांचे गट उजवीकडून आळीपाळीने मिळवावे आणि वजा करावे लागतात.

अंकांची बेरीज १ + ७ + ० + ९ + १ + ९ + ४ + ८ = ३९ आहे. ३९ ला ३ ने भाग जातो, ९ ने जात नाही. ही लहानशी गोष्ट वहीत ठळक लिहून ठेवावी, कारण पुढे ती फार मोठे काम करणार आहे. शेवटचे दोन अंक ४८ असल्यामुळे संख्येला ४ ने भाग जातो, पण शेवटचे तीन अंक ९४८ यांना ८ ने भागल्यास ४ बाकी उरते, म्हणून ८ ने भाग जात नाही. ५ चा प्रश्नच उद्भवत नाही.

आता दोन-दोन अंकांचे गट घ्यावेत: १७, ०९, १९, ४८. या संख्येत हे गट दिवस, महिना, शतक आणि वर्ष असेच पडतात. त्यांची बेरीज ९३ येते, म्हणजे संख्येला ९९ ने भागले तर बाकी ९३ उरते. या एकाच बेरजेतून ११ ची कसोटीही मिळते, कारण ९३ ला ११ ने भागले की बाकी ५ उरते, म्हणून ११ हा अवयव नाही. हेच गट उजवीकडून आळीपाळीने घेतले, तर ४८ − १९ + ९ − १७ = २१ येते, आणि १०१ ने भागल्यास बाकी २१ उरते हे समजते. १०१ हीसुद्धा मूळ संख्या आहे, म्हणजे एका ओळीत तीही निकालात निघाली.

तीन-तीन अंकांचे गट ९४८, ०९१ आणि १७ असे आहेत. ९४८ − ९१ + १७ = ८७४. १००१ म्हणजे ७ × ११ × १३, म्हणून ८७४ हीच संख्या ७, ११ आणि १३ या तिघांनी भागून पाहावी. ७ ने बाकी ६, ११ ने बाकी ५ आणि १३ ने बाकी ३ उरते. ११ ची बाकी आधीच्या रीतीनेही ५ च आली होती. दोन वेगळ्या वाटांनी एकच बाकी येणे ही आपण कुठे चुकलो नाही याची चांगली खूण असते.

मूळ अवयवांचा शोध

संख्येला ४ ने आणि ३ ने भाग जातो, म्हणून १२ ने भाग जातो: १,७०,९१,९४८ ÷ १२ = १४,२४,३२९. आता १,७०,९१,९४८ कडे परत जाण्याची गरज नाही, कारण राहिलेला सगळा शोध १४,२४,३२९ या भागाकाराचा आहे. तो विषम आहे, त्याच्या अंकांची बेरीज २५ आहे म्हणून ३ पुन्हा अवयव नाही, आणि ७, ११, १३, १०१ हे आधीच बाद झाले आहेत.

किती दूर जावे लागेल हे आधी ठरवावे. एखादी संख्या संयुक्त असेल, तर तिच्या दोन अवयवांपैकी निदान एक तिच्या वर्गमुळाइतका किंवा त्याहून लहान असतो, कारण दोन्ही अवयव वर्गमुळाहून मोठे असते तर त्यांचा गुणाकार संख्येपेक्षा मोठा झाला असता. १४,२४,३२९ चे वर्गमूळ ११९३ आणि ११९४ यांच्या मध्ये आहे. म्हणून ११९३ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहणे पुरेसे आहे, आणि तिथवर एकूण १९६ मूळ संख्या आहेत. आकडा पाहून घाबरू नये. पण १०० पर्यंत भागून पाहिले, कशानेच भाग गेला नाही, म्हणून संख्या मूळ आहे असे जाहीर करण्याची चूकही करू नये. मी स्वतः ही संख्या पहिल्यांदा सोडवली तेव्हा ९७ ला थांबलो होतो, कारण शाळेत पाठ असलेली मूळ संख्यांची यादी तिथेच संपते, आणि चुकीचे उत्तर वर्गाला सांगून दुसऱ्या दिवशी ते दुरुस्त करावे लागले.

भागाकारांचे कष्ट कमी करण्याची एक युक्ती इथे सांगण्याजोगी आहे. १००३ म्हणजे १७ × ५९ आणि १००७ म्हणजे १९ × ५३. आपली संख्या १४२४ हजार आणि ३२९ अशी आहे. १००३ च्या हिशेबात प्रत्येक हजार हा उणे ३ च्या बरोबरीचा असतो, म्हणून ३२९ मधून १४२४ ची तिप्पट, म्हणजे ४२७२, वजा करावी. उत्तर −३९४३ येते. त्यात १००३ ची चौपट, म्हणजे ४०१२, मिळवली की ६९ उरतात. ६९ ला १७ ने भागून बाकी १ आणि ५९ ने भागून बाकी १० येते, म्हणजे एका गणितात दोन मूळ संख्या बाद झाल्या. १००७ च्या हिशेबात प्रत्येक हजार उणे ७ च्या बरोबरीचा, म्हणून ३२९ − ९९६८ = −९६३९, त्यात १०,०७० मिळवून ४३१ उरतात. १९ ने बाकी १३, ५३ ने बाकी ७. ही रीत हाताशी असली की मोठे भागाकार मांडावे लागत नाहीत.

उरलेल्या मूळ संख्यांसाठी सरळ भागाकार करावा आणि प्रत्येकीसमोर तिची बाकी लिहीत जावे. फक्त बरोबर-चूक अशी खूण केली, तर नंतर चूक सापडत नाही. बाकी लिहिलेली असली की कोणतीही ओळ पुन्हा तपासता येते. २३ ने बाकी ८, २९ ने २३, ३१ ने ३, ३७ ने १४ अशी ही यादी पुढे सरकते. १७ च्या वेळी बाकी १ आणि ३१ च्या वेळी बाकी ३ आल्यामुळे भाग अगदी थोडक्यात हुकल्यासारखे वाटते. विभाज्यतेत मात्र थोडक्यात हुकणे असे काही नसते, १ बाकी आणि ३० बाकी यांचे मोल सारखेच. शंभरी ओलांडली, दीडशे ओलांडले, दोनशे ओलांडले तरी भाग जात नाही, आणि वर्गातील बहुतेक मुले याच टप्प्यावर पेन्सिल खाली ठेवतात. २२९ ने बाकी १७८ उरते. तिच्या नंतरची मूळ संख्या २३३.

हा भागाकार पूर्ण मांडून दाखवतो. १४२४ मध्ये २३३ सहा वेळा जातात, १३९८ वजा होऊन २६ उरतात. ३ खाली घेतला की २६३, त्यात एकदा, उरतात ३०. २ खाली घेतला की ३०२, त्यात एकदा, उरतात ६९. ९ खाली घेतला की ६९९, आणि ६९९ म्हणजे बरोबर २३३ ची तिप्पट. बाकी शून्य, भागाकार ६११३. यादीतील १९६ मूळ संख्यांपैकी २३३ ही एक्कावन्नावी आहे, म्हणजे जेवढे अंतर चालण्याची तयारी ठेवली होती त्याच्या साधारण चौथ्या हिश्श्यावरच काम झाले.

६११३ मूळ आहे का, हे पुन्हा पहिल्यापासून तपासण्याची आवश्यकता नाही. ६११३ चा कोणताही अवयव हा १४,२४,३२९ चाही अवयव असतो, आणि २३३ पेक्षा लहान असलेल्या सर्व मूळ संख्या आपण बाद करून आलो आहोत. ६११३ चे वर्गमूळ ७९ पेक्षाही कमी आहे. म्हणजे ती मूळच आहे. अशा रीतीने

१,७०,९१,९४८ = २ × २ × ३ × २३३ × ६११३

हे उत्तर मिळते, आणि क्रम सोडला तर याहून वेगळे उत्तर असूच शकत नाही, कारण प्रत्येक संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात.

पडताळा घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. २३३ च्या अंकांची बेरीज ८, ६११३ ची ११ म्हणजे २. ८ × २ = १६, म्हणजे ७. १४,२४,३२९ ची बेरीज २५, म्हणजे ७. ताळा जुळला. केवळ नऊच्या ताळ्याने अंकांची अदलाबदल पकडली जात नाही, म्हणून ११ चाही ताळा घ्यावा: २३३ ची बाकी २, ६११३ ची बाकी ८, गुणाकार १६ ची बाकी ५, आणि १४,२४,३२९ ची बाकीही ५.

फर्माची वर्गांच्या फरकाची पद्धत, म्हणजे वर्गमुळाच्या पुढची एकेक संख्या घेऊन तिच्या वर्गातून आपली संख्या वजा केल्यावर पूर्ण वर्ग उरतो का हे पाहणे, ज्यांना माहीत आहे त्यांना ती इथे वापरून पाहण्याचा मोह होईल. ती पद्धत अवयव एकमेकांच्या जवळ असतील तेव्हा फार लवकर उत्तर देते. इथे २३३ आणि ६११३ यांची सरासरी ३१७३ आहे, आणि शोध ११९४ पासून सुरू करावा लागतो, म्हणजे १९८० पायऱ्या चढाव्या लागल्या असत्या. सरळ भागाकारच इथे योग्य ठरला.

विभाजक, त्यांची बेरीज आणि सहमूळ संख्या

विभाजक तयार करताना २ घ्यायचा की नाही, एकदा घ्यायचा की दोनदा, असे तीन पर्याय असतात. ३, २३३ आणि ६११३ यांच्यासाठी प्रत्येकी दोन. म्हणून एकूण विभाजक ३ × २ × २ × २ = २४. ते लिहून काढण्याची सोपी रीत म्हणजे १२ चे सहा विभाजक १, २, ३, ४, ६, १२ घ्यावेत आणि त्यांना अनुक्रमे १, २३३, ६११३ आणि १४,२४,३२९ यांनी गुणावे. उदाहरणार्थ, २३३ च्या ओळीत २३३, ४६६, ६९९, ९३२, १३९८, २७९६ येतात.

बेरीज करतानाही हीच मांडणी उपयोगी पडते. १२ च्या विभाजकांची बेरीज २८ आहे, म्हणून सर्व विभाजकांची बेरीज २८ × (१ + २३३ + ६११३ + १४,२४,३२९) = २८ × १४,३०,६७६ = ४,००,५८,९२८. यातून संख्या स्वतः वजा केली की २,२९,६६,९८० उरतात, जे संख्येपेक्षा मोठे आहेत. ज्या संख्येच्या स्वतःखेरीज इतर विभाजकांची बेरीज तिच्याहून मोठी असते तिला विपुल संख्या म्हणतात. खरे तर एवढी बेरीज न करताही हे सांगता आले असते: १२ ही सर्वात लहान विपुल संख्या आहे, कारण १ + २ + ३ + ४ + ६ = १६, आणि विपुल संख्येची प्रत्येक पट विपुलच असते.

१ पासून या संख्येपर्यंत तिच्याशी सहमूळ असलेल्या किती संख्या आहेत, हे ऑयलरच्या सूत्राने मिळते: २ × २ मुळे २, ३ मुळे २, २३३ मुळे २३२ आणि ६११३ मुळे ६११२, यांचा गुणाकार ५६,७१,९३६. हा आकडा संख्येच्या एक तृतीयांशाहून किंचित कमी आहे. निम्म्या संख्या २ ने बाद केल्या, उरलेल्यांतील तिसरा हिस्सा ३ ने बाद केला, २३३ आणि ६११३ यांनी मात्र जेमतेम खरचटले.

वर्गांच्या बेरजेचा प्रश्न

माझ्या मते या संख्येचा सर्वात सुंदर भाग हा आहे. तिचे दोन्ही मोठे अवयव दोन वर्गांच्या बेरजेत मांडता येतात: २३३ म्हणजे १३ चा वर्ग अधिक ८ चा वर्ग, आणि ६११३ म्हणजे ७३ चा वर्ग अधिक २८ चा वर्ग. ८, १३ आणि २३३ या तिन्ही संख्या १, १, २, ३, ५, ८, १३ या हेमचंद्रांच्या मालिकेतील आहेत. जग तिला फिबोनाचीच्या नावाने ओळखते.

अशा दोन संख्यांचा गुणाकारही दोन वर्गांची बेरीज असतो. हे नित्यसमीकरण ब्रह्मगुप्ताच्या नावाशी जोडलेले आहे, आणि ते वापरण्यासाठी चार गुणाकार पुरतात. १३ × ७३ = ९४९, ८ × २८ = २२४, १३ × २८ = ३६४, ८ × ७३ = ५८४. पहिल्या दोघांची बेरीज ११७३ आणि शेवटच्या दोघांतील फरक २२०, म्हणून १४,२४,३२९ म्हणजे ११७३ चा वर्ग अधिक २२० चा वर्ग. बेरीज आणि फरक यांची जागा बदलली, तर ७२५ चा वर्ग अधिक ९४८ चा वर्ग. हे ९४८ म्हणजे १,७०,९१,९४८ चे शेवटचे तीन अंक आहेत. तो निव्वळ योगायोग आहे आणि त्यात अर्थ शोधू नये, पण वर्गात तो दिसला की मुलांचे चेहरे उजळतात. ४ ने गुणले तरी काही बिघडत नाही, कारण प्रत्येक बाजू दुप्पट होते: ५६,९७,३१६ म्हणजे २३४६ चा वर्ग अधिक ४४० चा वर्ग.

आता फक्त ३ ने गुणायचे राहिले, आणि तिथेच सगळे अडते. कोणत्याही वर्गाला ३ ने भागले की बाकी ० किंवा १ उरते, २ कधीच उरत नाही. म्हणून दोन वर्गांच्या बेरजेला ३ ने नि:शेष भाग जायचा असेल, तर दोन्ही वर्गांच्या बाक्या शून्य असल्या पाहिजेत, म्हणजे दोन्ही संख्यांना ३ ने भाग गेला पाहिजे, म्हणजे त्यांच्या वर्गांना ९ ने भाग गेला पाहिजे, म्हणजे बेरजेलाही ९ ने भाग गेला पाहिजे. आपल्या संख्येला मात्र ३ ने भाग जातो आणि ९ ने जात नाही. म्हणून १,७०,९१,९४८ ही संख्या दोन वर्गांच्या बेरजेत कधीही मांडता येणार नाही. हा निष्कर्ष काढायला २३३ किंवा ६११३ सापडण्याचीही गरज नव्हती. अगदी सुरुवातीला वहीत ठळक लिहून ठेवलेली ३९ ही अंकांची बेरीज एवढ्या भक्कम सिद्धतेसाठी पुरेशी होती.

तीन वर्ग घेतले तर अडचण दूर होते. ४ ने भागत गेल्यावर उरलेल्या संख्येला ८ ने भागून बाकी ७ येत नसेल, तर संख्या तीन वर्गांच्या बेरजेत मांडता येते, असा सिद्धांत आहे. इथे ४ ने भागून ४२,७२,९८७ मिळते आणि तिची ८ ने बाकी ३ येते, म्हणून तिन्ही वर्ग विषम संख्यांचे असणार. सर्वात मोठा वर्ग अंदाजाने निवडावा. २०६७ घेतला तर उरतात ४९८, ज्याचे निम्मे २४९ म्हणजे ३ × ८३, आणि पुन्हा तोच एकटा ३ आडवा येतो. २०६५ घेतला तर उरतात ८७६२, ज्याचे निम्मे ४३८१ म्हणजे १३ × ३३७. १३ आणि ३३७ दोन्ही दोन वर्गांच्या बेरजा आहेत, त्यामुळे वरच्याच रीतीने ८७६२ म्हणजे ७१ चा वर्ग अधिक ६१ चा वर्ग मिळतो. सगळ्यांची दुप्पट केली की १,७०,९१,९४८ म्हणजे ४१३०, १४२ आणि १२२ यांच्या वर्गांची बेरीज: १,७०,५६,९०० + २०,१६४ + १४,८८४.

दोन वर्गांच्या फरकात मांडणे याहून पुष्कळ सोपे आहे. ४२,७२,९८७ चे दोन अवयव घ्यावेत, त्यांची बेरीज आणि त्यांचा फरक यांचे वर्ग करून वजाबाकी करावी. ६११३ आणि ६९९ घेतले तर ६८१२ चा वर्ग उणे ५४१४ चा वर्ग येतो. अशा एकूण चार जोड्या आहेत. उरलेल्या तीन वाचकांनी काढाव्यात.

अंकांचे गुणधर्म आणि संख्येचे गुणधर्म

आतापर्यंतचे निष्कर्ष संख्येच्या मूल्याविषयीचे आहेत. ती कोणत्याही पद्धतीने लिहिली तरी ते बदलत नाहीत. द्विमान पद्धतीत, सतत २ ने भागून बाक्या उलट क्रमाने लिहिल्यास, हीच संख्या १०००००१००११००११०१०११०११०० अशी पंचवीस अंकी दिसते, आणि तरी तिचे अवयव तेच राहतात. शेवटची दोन शून्ये म्हणजे तिच्यातील दोन २.

काही गुणधर्म मात्र दशमान लेखनापुरतेच असतात, आणि महाराष्ट्रात त्यांची आवड लावली ती देवळालीच्या शाळेत शिक्षक असलेल्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी. जिला स्वतःच्या अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जातो तिला त्यांनी हर्षद संख्या असे नाव दिले. आपल्या संख्येची बेरीज ३९ म्हणजे ३ × १३, आणि १३ हा अवयव नाही, म्हणून ती हर्षद नाही. पण तिच्या शेवटच्या चार अंकांवर कापरेकरांची प्रसिद्ध क्रिया करून पाहावी. १९४८ चे अंक उतरत्या क्रमाने ९८४१ आणि चढत्या क्रमाने १४८९, वजाबाकी ८३५२. पुन्हा ८५३२ − २३५८ = ६१७४. दोनच पायऱ्यांत कापरेकर स्थिरांक, म्हणजे हीच क्रिया पुन्हा केली तरी न बदलणारी ६१७४ ही संख्या, गाठला जातो.

सरावासाठी दोन संख्या

छत्रपती संभाजीनगरचा पिनकोड ४३१००१ घ्यावा. अंकांची बेरीज ९, म्हणून ९ ने भाग जातो आणि ती हर्षदही आहे. भागाकार ४७,८८९, त्याची बेरीज ३६, पुन्हा ९ ने भागून ५३२१, आणि ५३२१ म्हणजे १७ × ३१३. इथे ३ चार वेळा आला आहे, म्हणजे सम वेळा, म्हणून तो अडथळा करत नाही. १७ म्हणजे ४ आणि १ यांच्या वर्गांची बेरीज, ३१३ म्हणजे १३ आणि १२ यांच्या वर्गांची. गुणाकाराच्या रीतीने ५३२१ म्हणजे ६४ आणि ३५ यांच्या वर्गांची बेरीज येते, दोघांना ९ ने गुणले की ४,३१,००१ म्हणजे ५७६ चा वर्ग अधिक ३१५ चा वर्ग, म्हणजेच ३,३१,७७६ + ९९,२२५. याच रीतीने दुसरी मांडणीही निघते, ३६० आणि ५४९ यांच्या वर्गांची.

लातूरचा ४१३५१२ हा पिनकोड स्वतः सोडवावा. शेवटचे तीन अंक ५१२ पाहून ८ ने भाग द्यावा, मग उरलेल्या ५१,६८९ ला आळीपाळीच्या बेरजेने ११ ची कसोटी लावावी, आणि त्यानंतरच्या ४६९९ साठी ३७ पर्यंत धीर धरावा. उत्तर २ × २ × २ × ११ × ३७ × १२७ असे येते, विभाजक ३२ मिळतात. ही संख्या दोन वर्गांच्या बेरजेत मांडता येत नाही, आणि इथे आडवा येणारा अवयव ३ नसून ११ आहे: दोन वर्गांच्या बेरजेला ११ ने भाग जायचा असेल, तर तिला १२१ नेही भाग जावा लागतो. का, हे पाहण्यासाठी ० ते १० पर्यंतच्या संख्यांचे वर्ग ११ ने भागून बाक्यांची एक छोटी सारणी करावी आणि त्यांतील कोणत्या दोन बाक्यांची बेरीज ११ होते ते शोधावे.